बरगड्यांवरची गाणी

१९४६ साली लेनिनग्राडच्या नेव्हस्की प्रॉस्पेक्ट या हमरस्त्यावर, ७५ क्रमांकाच्या इमारतीत, एक छोटं दुकान उघडलं. स्तानिस्लाव फिलो नावाच्या गृहस्थाने लढाईवरून परतताना जर्मन टेलिफुंकन कंपनीचं एक यंत्र सोबत आणलं होतं. समोर उभ्या माणसाचा आवाज थेट तबकडीवर कोरायचा किंवा एका तबकडीवरचं गाणं दुसऱ्या कोऱ्या तबकडीवर उतरवायचं, अशी दोन्ही कामं ते यंत्र करी. परवाना मिळाला होता तो पहिल्या कामाचा. लोक यायचे, यंत्रासमोर घसा खाकरून आईला चार शब्द सांगायचे, कुणी मैत्रिणीसाठी गाणं म्हणायचं, आणि तो बोलका निरोप पाकिटात घालून गावी धाडायचे. सगळं कायद्यात बसणारं. संध्याकाळी दुकानाचं दार लोटलं गेलं, की मग यंत्राचं दुसरं काम सुरू व्हायचं आणि खरी कमाई त्यातच होती.

हे शहर नुकतंच मरणाच्या दारातून परत आलेलं. जर्मन सैन्याने त्याला ८७२ दिवस वेढा घातला होता आणि लाखो माणसं भुकेने गेली होती. वाचलेल्यांत जी मुलं होती ती आता सोळा-अठरा वर्षांची झाली होती. त्यांना नाचायचं होतं. रेडिओवर मात्र समूहगीतं, कूचगीतं आणि कापणीची गाणी.

फिलोच्या दुकानाभोवती घोटाळणाऱ्या पोरांत रुस्लान बोगोस्लोव्स्की हा एक होता. त्याचे हात यंत्रात रमणारे. दुकानात जाऊन जाऊन त्याने ते टेलिफुंकन नजरेने उतरवून घेतलं आणि तसलंच एक यंत्र स्वतः बनवलं. बोरिस तायगिन हा कवितेचा नाद असलेला त्याचा मित्र जोडीला आला. बाजारात तोवर इतरांचे कच्चे, खरखरीत नमुने फिरू लागले होते. आपला माल वेगळा ओळखू यावा म्हणून या दोघांनी त्यावर ‘सोनेरी कुत्रा’ असा रबरी शिक्का मारायला सुरुवात केली. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या कुत्र्याला दिलेली ती टपली होती. चोरीच्या मालावर दर्जाचा शिक्का मारण्याची ही हौस मला फार आवडते.

यंत्र झालं, तरी कोरायला तबकडी कुठून आणायची? प्लॅस्टिक सरकारच्या कुलुपात. उपाय सापडला तो इस्पितळांच्या मागच्या दाराशी. क्ष-किरणांच्या जुन्या फिल्मचे गठ्ठे तिथे पडून असत. ही फिल्म चटकन पेट घेणारी, त्यामुळे ठराविक मुदतीनंतर ती काढून टाका असे हुकूम होते. म्हणजे काढून टाकायची कटकट इस्पितळाची आणि उचलून न्यायची हौस या पोरांची. क्ष-किरण विभागातल्या माणसाच्या हातावर थोडे पैसे टेकवले की गठ्ठा काखोटीला मारून निघायचं.

पुढचं काम घरी. फिल्म कात्रीने गोल कापायची. तो गोल कधीच पुरता गोल नसे. मधलं भोक जळत्या सिगारेटच्या टोकाने पाडायचं. मग ती यंत्रावर चढवायची, शेजारी मूळ तबकडी लावायची, आणि ती वाजत असताना कापणारी सुई फिल्मवर बारीक खाच ओढत जायची. एकाच बाजूला, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाने, तीन-साडेतीन मिनिटं. छापखान्यासारख्या धडाधड प्रती इथे निघत नसत. पन्नास प्रती हव्या असतील तर तेच गाणं पन्नास वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवावं लागे, तेही शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने. एका सदनिकेत चार-चार कुटुंबं कोंबलेल्या त्या शहरात हे कसं जमवत असतील, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

तयार तबकडी उजेडासमोर धरली तर कुणाच्या बरगड्या, कुणाचा पंजा, कुणाची कवटी दिसे. वाजताना आवाजाआधी खरखर यायची, आणि मोजक्या वेळा वाजवल्यावर खाच बुजून गाणं संपायचं ते कायमचं. फिल्म लवचीक असल्याने गुंडाळून कोटाच्या बाहीत सरकवता येई. विकणारा गल्लीच्या तोंडाशी उभा असायचा, पुटपुटत दोन नावं सांगायचा, सौदा व्हायचा आणि दोघं दोन दिशांना पांगायचे. तबकडी घरी जाऊन लावेपर्यंत आत काय आहे याची खात्री नाही. कधी गाण्याचे चार सूर वाजायचे आणि मग एक रशियन आवाज गिऱ्हाइकाची खिल्ली उडवत शिव्या हासडायचा. फसलेल्याने तक्रार करायची तरी कुणाकडे? रस्त्यावरच्या बोलीत या मालाला ‘हाडांवरचं संगीत’ किंवा नुसतं ‘बरगड्या’ म्हणत.

या तबकड्यांची गोष्ट अलीकडे जगभर सांगितली जाते आणि बहुधा एकाच ठशात सांगितली जाते: अमेरिकन जॅझसाठी तहानलेली रशियन पोरं आणि त्यांचा गळा दाबणारा स्टालिन. पाश्चात्त्य वाचकाला हा ठसा सोयीचा आहे, कारण त्यात स्वातंत्र्य म्हणजे आपलंच संगीत असं परस्पर ठरून जातं. जॅझ बरगड्यांवर होतंच. पुढे रॉक अँड रोलही आलं. पण सुरुवातीच्या वर्षांत ज्यांच्यावर लोकांच्या उड्या पडत ती गाणी बरीचशी रशियन होती. मातृभाषेतली, कळणारी, त्यांच्या आईबापांनी ऐकलेली. बंदी घातली गेली होती ती त्यांच्याच घरातल्या गाण्यांवर.

प्योत्र लेश्चेंकोचं उदाहरण घ्या. जन्म १८९८ चा, ओडेसाकडचा, वाढला किशिनेव्हमध्ये. पहिल्या महायुद्धानंतर तो भाग रुमानियात गेला आणि लेश्चेंको देश न सोडताच परदेशी झाला. पुढे बुखारेस्टमध्ये त्याने रेस्टॉरंट काढलं आणि तिथे तो टँगो, फॉक्सट्रॉट आणि जिप्सी ढंगाची गाणी रशियनमध्ये म्हणू लागला. प्रेम, दारू, निरोप, घराची आठवण एवढेच विषय. रीगाच्या ‘बेलाकॉर्ड’ने काढलेल्या त्याच्या तबकड्या खूप खपल्या. सोव्हिएत युनियनमध्ये त्या विकायला बंदी, कारण हा माणूस ‘पळपुटा’. १९४२ साली रुमानियाच्या ताब्यातल्या ओडेसात त्याने कार्यक्रम केले, आणि मग त्याच्यावर गद्दारीचा शिक्काही बसला.

गंमत अशी की लेश्चेंकोला घरोघर पोचवला तो खुद्द लाल सैन्याने. १९४४-४५ मध्ये सैन्य रुमानिया, हंगेरी, जर्मनीत शिरलं आणि परतणाऱ्यांच्या सामानात ग्रामोफोन आणि तबकड्या आल्या. बरगड्यांवर उतरवायला मूळ प्रत मिळाली ती अशी. यंत्र लढाईतून आणलेलं, मूळ तबकड्या लढाईतून आणलेल्या, फिल्म सरकारी इस्पितळातली. बाहेरच्या शत्रूने यात काडीचीही मदत केली नव्हती.

लेश्चेंकोच्या आवाजाची नक्कल करणारे गायक लेनिनग्राडमध्येच तयार झाले, त्यांनी चोरून गाणी मुद्रित केली आणि कित्येकांनी ती अस्सल लेश्चेंको समजून जपली. खुद्द लेश्चेंकोला मार्च १९५१ मध्ये रुमानियन सुरक्षा पोलिसांनी ब्राशोव्ह शहरात पकडलं. कार्यक्रमाचं मध्यंतर चालू होतं. उत्तरार्ध झालाच नाही. जुलै १९५४ मध्ये तो तुरुंगाच्या इस्पितळात वारला. त्याची बायको व्हेरा बेलोउसोवा मूळची ओडेसाची, सोव्हिएत नागरिक. १९५२ मध्ये तिलाही पकडलं आणि १९५४ मध्ये सोडलं.

देशात राहिलेल्यांचं तरी काय झालं? वादिम कोझिन हा लाडका गायक १९४४ मध्ये पकडला गेला आणि कोलिमाच्या सक्तमजुरीच्या छावणीत गेला. सुटल्यावरही दूर मागादानमध्येच राहिला आणि १९९४ मध्ये तिथेच गेला. १९४५ मध्ये जिंकलेल्या बर्लिनमध्ये सैनिकांपुढे गाणारी लोकगायिका लिदिया रुस्लानोवा १९४८ मध्ये तुरुंगात गेली आणि तिच्या तबकड्या दुकानांतून नाहीशा झाल्या. गायक अलेक्सांद्र व्हेर्तिन्स्की १९४३ मध्ये परागंदा आयुष्य संपवून परतला. त्याला गावोगाव कार्यक्रम करू दिले, पण तबकड्या फारशा काढू दिल्या नाहीत. म्हणजे सभागृहात टाळ्या वाजवा, घरी नेऊ नका.

या गाण्यांत सरकारविरोधी अवाक्षर नव्हतं. पण त्या युद्धात देशाने सुमारे दोन कोटी सत्तर लाख माणसं गमावली होती. घराघरात रडणं साचलेलं होतं, आणि सरकारी संगीतात दुःखाला जागा होती ती फक्त वीरगतीच्या रूपात, तीही शेवटी विजयाचा तुतारीनाद होणार असेल तर. एकट्या माणसाचं साधं, निरुपयोगी, कुणाच्याही कामी न येणारं दुःख लेश्चेंकोच्या टँगोत होतं. माझ्या मते सत्तेला खरा जाच वाटला तो या निरुपयोगीपणाचा.

जॅझशी सोव्हिएत सत्तेचं नातं तर कायमच धरसोडीचं. मॅक्सिम गॉर्कीने १९२८ मध्ये इटलीत शेजारून कानी पडलेल्या या संगीतावर ‘प्रावदा’त तोंडसुख घेतलं आणि ते ‘लठ्ठ लोकांचं संगीत’ म्हणून ठरवून टाकलं. पण १९३४ मध्ये लिओनिद उत्योसोव्हच्या जॅझ वाद्यवृंदाचा ‘आनंदी पोरं’ हा चित्रपट आला आणि स्टालिनलाही आवडला. युद्धात अमेरिका दोस्त झाली, तेव्हा ग्लेन मिलरचा वाद्यवृंद असलेला ‘सन व्हॅली सेरेनेड’ सोव्हिएत चित्रगृहांत लागला. एका आख्ख्या पिढीच्या कानात ते सूर बसले ते तिथून. युद्ध संपलं, दोस्ती संपली. १९४६ मध्ये पक्षनेत्या झ्दानोव्हने आख्मातोवा आणि झोशचेंको या लेखकांना झोडपलं, फेब्रुवारी १९४८ मध्ये पक्षाच्या ठरावाने शोस्ताकोविच आणि प्रोकोफिएव्ह या संगीतकारांचीही पिसं काढली. जिथे शोस्ताकोविच सुटला नाही तिथे सॅक्सोफोनवाल्यांची काय कथा.

आणि सॅक्सोफोनची गत खरोखरच तशी झाली. १९४९ मध्ये मॉस्कोतल्या वादकांना आपापली वाद्यं घेऊन हजर राहायला सांगितलं गेलं. सॅक्सोफोन जप्त झाले आणि वादकांच्या कागदपत्रांवर दुसऱ्याच वाद्याचं नाव चढलं. आयुष्यभर सॅक्सोफोन फुंकलेला माणूस एका दुपारी बॅसूनवादक किंवा ओबोवादक होऊन घरी आला. एडी रोझनरचं नशीब याहून वाईट. बर्लिनचा हा ज्यू ट्रंपेटवादक हिटलरपासून पळत पोलंडमार्गे सोव्हिएत हद्दीत आला, बेलारूसच्या सरकारी जॅझ वाद्यवृंदाचा प्रमुख झाला, युद्धात सैनिकांसमोर वाजवत फिरला. १९४६ मध्ये त्याने पोलंडला जायचा प्रयत्न केला आणि तो ल्वोव्हमध्ये पकडला गेला. कोलिमाच्या छावण्यांतही त्याने कैद्यांचा वाद्यवृंद उभा केला. सुटका १९५४ मध्ये.

अशा वातावरणात मार्च १९४९ च्या ‘क्रोकोदिल’ या विनोदी नियतकालिकात बेल्यायेव्ह नावाच्या लेखकाने एका नव्या प्राण्याची ओळख करून दिली: स्तिल्यागा. भडक रंगाचा कोट, विचित्र टाय, जाड तळाचे बूट, आणि विद्यापीठाच्या नृत्यसमारंभात अंग वेडंवाकडं हलवत नाचणारा. लेख टिंगलीचा होता, पण त्या टिंगलीने पोरांना नाव मिळालं आणि वर्णनाबरहुकूम कपडे शिवणाऱ्यांची संख्या वाढली असणार, असा माझा कयास आहे. मॉस्कोच्या गोर्की रस्त्याचा आणि लेनिनग्राडच्या नेव्हस्कीचा ठराविक टप्पा ही पोरं ‘ब्रॉडवे’ म्हणत. संध्याकाळी तिथे नुसतं इकडून तिकडे फिरायचं, एवढाच कार्यक्रम. केसांची ठेवण जप्त करून आणलेल्या परदेशी सिनेमांतून, विशेषतः टारझनपटांतून उचललेली. बुटांना घरगुती रबराचा जाड थर चिकटवलेला.

पुढे युवक संघटनेची, कोम्सोमोलची, गस्तीपथकं निघाली. स्तिल्यागा सापडला की कात्रीने त्याची अरुंद विजार उसवायची, केस कापायचे, फोटो काढून भिंतीवर लावायचा, प्रसंगी विद्यापीठातून काढून टाकायचं. ज्या देशात छावण्यांत लाखो लोक खितपत होते, तिथे विजारीच्या घेरावर इतकी शक्ती खर्च व्हावी, हे आज हास्यास्पद वाटतं. तेव्हा ज्याचं शिक्षण थांबलं त्याला हसू आलं नसेल.

त्यांना उगाच हुतात्मे करायचं मात्र कारण नाही. सुरुवातीच्या स्तिल्यागींत बड्या अधिकाऱ्यांची आणि प्राध्यापकांची मुलं बरीच होती. परदेशी कापड आणि तबकड्या मिळायच्या त्यांनाच. पकडले गेले तर वडील सोडवून आणायचे. राजकारणाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. अलेक्सेई कोझलोव्ह हा पुढे नामवंत झालेला सॅक्सोफोनवादक स्वतः त्या काळचा स्तिल्यागा. त्याच्या आठवणी वाचल्या की नाच, कपडे, मुली आणि तबकड्या हेच विश्व दिसतं. त्यांना वेगळं दिसायचं होतं. वेगळं दिसणं हाच गुन्हा असेल, तर बंडखोर व्हायला आणखी काही करावं लागत नाही.

खरा धोका पत्करला तो बरगड्या बनवणाऱ्यांनी, आणि त्यांना सोडवायला वडील अधिकारी नव्हते. नोव्हेंबर १९५० मध्ये लेनिनग्राडमध्ये एकाच वेळी धाडी पडल्या. ‘सोनेरी कुत्र्या’ची यंत्रं, तबकड्या, फिल्म सगळं उचललं गेलं. पुढच्या वर्षी खटला झाला आणि बोगोस्लोव्स्की, तायगिन आणि साथीदारांना तीन ते पाच वर्षांच्या शिक्षा झाल्या. तायगिनवर गुन्हेगारी ढंगाची गाणी रचल्याचाही ठपका होता. मार्च १९५३ मध्ये स्टालिन गेला, माफी जाहीर झाली, मंडळी बाहेर आली. आली आणि पुन्हा कामाला लागली. बोगोस्लोव्स्की त्यानंतरही पकडला गेला, पुन्हा आत गेला, पुन्हा सुटला. तत्त्वासाठी म्हणावं तर तो पैसेही कमावत होता. पैशासाठी म्हणावं, तर त्याच हातांना कमी धोक्याचे चार धंदे सहज करता आले असते.

इकडे आपल्याकडे त्या काळात सोव्हिएत देशाचं जे चित्र येत होतं, ते स्वस्त, सुबक छापलेल्या पुस्तकांतून आणि ‘सोव्हिएत देश’च्या गुळगुळीत पानांवरच्या हसऱ्या तरुणांमधून. त्या तरुणांच्या हातात ॲकॉर्डियन असे, बाहीत तबकडी नसे. उलट दिशेने १९५४ मध्ये राज कपूरचा ‘आवारा’ तिकडे गेला, अधिकृतपणे, आणि रस्तोरस्ती त्याची गाणी गुणगुणली जाऊ लागली. एका फाटक्या भटक्याचं गाणं सरकारी परवान्याने ऐकायला मिळत होतं. स्वतःच्या भाषेतल्या फाटक्यांची गाणी ऐकण्यासाठी मात्र अजून गल्लीच्या तोंडाशीच जावं लागत होतं.

नंतरचं थोडक्यात सांगता येतं. जानेवारी १९५५ मध्ये ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर विलिस कोनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम सुरू झाला आणि लघुलहरींवर कान लावून बसणारा एक वर्ग तयार झाला. १९५७ च्या उन्हाळ्यात मॉस्कोत जागतिक युवक महोत्सव भरला; १३१ देशांतून सुमारे ३४,००० तरुण आले, आणि दोन आठवडे परदेशी माणूस, परदेशी कपडे, परदेशी संगीत उघड्यावर हिंडलं. त्यानंतर स्तिल्यागींच्या वेगळेपणातली हवाच गेली. साठच्या दशकात टेपरेकॉर्डर घरोघर आले. बुलात ओकुद्झावा आणि व्लादिमिर व्हिसोत्स्की यांची गाणी टेपवरून टेपवर पसरू लागली, आणि एकेक तबकडी कोरत बसण्याची गरज संपली. शेवटच्या बरगड्यांवर बीटल्सही वाजून गेले.

बोरिस तायगिनने मात्र प्रती काढण्याची सवय सोडली नाही. आता त्याने टंकलेखन यंत्र घेतलं. ‘बे-ता’ या नावाने तो घरच्या घरी कवितांची हस्तबांधणीची पुस्तकं काढू लागला, पाच-दहा प्रतींची. सरकारी प्रकाशनगृहांनी ज्यांना दारात उभं केलं नाही त्या लेनिनग्राडच्या कवींच्या कविता त्यात असत. ग्लेब गोर्बोव्स्की त्यांपैकी एक, आणि योसिफ ब्रॉडस्की दुसरा. ब्रॉडस्कीला १९८७ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं.

‘मेलोदिया’ या सरकारी कंपनीने प्योत्र लेश्चेंकोची तबकडी अखेर १९८८ मध्ये काढली. त्याला जाऊन तेव्हा चौतीस वर्षं झाली होती. तबकडी दुकानात उघड मिळत होती, चांगल्या प्लॅस्टिकवर, छापील आवरणासह, आणि लोकांनी ती रांगा लावून घेतली.